लहान मुलांसोबत वसंताचं स्वागत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी ओसरायला लागली की आई-बाबा, आजी-आजोबा आणि बालवाडीच्या ताया साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं शून्य ते सहा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

वसंत आला हे तीन-चार वर्षांच्या मुलाला कसं समजावून सांगायचं?

समजावू नका. त्या वयात ‘वसंत’ हा नुसता एक आवाज आहे. ऋतू बदलला हे कळायला आधी काय होतं ते आठवावं लागतं, आणि तीन वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षीचं फारसं आठवत नाही. त्याच्या लेखी हा पहिलाच वसंत.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: एक झाड धरा आणि त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जा. रोज नाही तर एक दिवसाआड. जाता-येता दोन मिनिटं थांबलात तरी पुरे. दर रविवारी नवी बाग गाठली तर मजा येते, पण बदल दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी सगळंच नवीन असतं.

माझी भाची साडेतीन वर्षांची असताना जिन्याच्या खिडकीतून हाताला येणारी एक फांदी होती. करडी, पानाचा मागमूस नाही. पहिल्याच दिवशी तिने निकाल दिला, “हे मेलंय.” मी काही बोलले नाही. (बोलायला जीभ फार शिवशिवत होती.) आठ-दहा दिवसांनी फांदीच्या टोकाला तांबूस कोंब टरारला. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, “टोचतंय.” मग एका सकाळी तो उलगडलेला. पान इतकं कोवळं की ओलंच वाटावं. तिने ते गालाला लावलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मला सांगितलं, “खोटं-खोटं मेलं होतं.”

मी आधीच “नाही गं, बघ आता याला पालवी फुटेल” असं सांगून टाकलं असतं तर तिला शोधायला काहीच उरलं नसतं.

वसंत नक्की कधी सुरू होतो?

हवामानाचे अभ्यासक उत्तर गोलार्धात 1 मार्चपासून मोजतात, खगोलवाले 20 किंवा 21 मार्चच्या विषुवदिनापासून, आणि पंचांग चैत्र-वैशाख म्हणतं. दक्षिण गोलार्धात तो सप्टेंबरात येतो. झाडं यातलं काहीच वाचत नाहीत. मुलांसोबत तारीख पाळू नका. तुमच्या झाडाला पहिली पालवी दिसेल तो तुमचा पहिला दिवस.

दिवस मोठा होतोय हे मात्र मुलांना दाखवता येतं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मुलाला उभं करा आणि त्याच्या सावलीची कड खडूने आखा. पुसून जाईल असं वाटलं तर दोरी मापून तेवढी कापून ठेवा. सावली आखूड होत जाते. चार दोऱ्या शेजारी-शेजारी टांगल्या की पाच वर्षांचं मूल स्वतःहून विचारतं, “मी लहान होतोय का?” उत्तराची घाई करू नका.

एका झाडात रोज बघायचं तरी काय?

हा प्रश्न मोठी माणसंच विचारतात. तरी सुरुवात म्हणून थोडं सांगते.

कोंब बघा. बऱ्याच झाडांचे कोंब आदल्या हंगामातच तयार होऊन बसलेले असतात. वर खवल्यांसारखं पांघरूण, आत घडी घातलेली पानं. गळून पडलेल्या डहाळीवरचा एखादा कोंब नखाने सोलून दाखवला तर आतली घडी दिसते. मग नव्या पानाचा रंग बघा. आंबा, पिंपळ अशा कितीतरी झाडांची कोवळी पानं तांबडी, गुलाबी किंवा जांभळट असतात, कारण त्यांच्यात हिरवं द्रव्य अजून पुरतं भरलेलं नसतं आणि अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. रोज पाहिलं तर तांबूस, पोपटी, हिरवं असा प्रवास दोन-तीन आठवड्यांत उलगडतो. कोवळं पान मान टाकून लोंबतं, जून पान ताठ असतं. मुलांना हा फरक नाव न सांगता कळतो, कारण त्यांचा हात आधी पोचतो.

काही झाडांना पानांआधी फुलं येतात. पळस आणि सावर तशी, आणि थंड प्रदेशातली चेरीची, मॅग्नोलियाची बरीच झाडंही. फुलांनी भरलेल्या बिनपानी झाडाखाली मुलाला आडवं झोपवा आणि वर बघायला सांगा. तुम्हीही झोपा. कपड्यांचं काय व्हायचं ते होऊ द्या.

खोडावरही लक्ष असू द्या. मुंग्यांची ये-जा, साल, डिंक, भेगेत लपलेला कोळी. आणि खाली पडलेला पाचोळा, तो तुडवताना होणारा आवाज.

एक सूचना. चित्रांच्या पुस्तकांत वसंत म्हणजे वितळणारा बर्फ आणि त्यातून डोकावणारी फुलं. उष्ण प्रदेशात मात्र कितीतरी झाडांची पानगळ आणि पालवी पाठोपाठच उरकते. पिवळं पान गळतंय आणि शेजारच्या फांदीवर तांबडं फुटतंय असं दिसतं. पुस्तक आणि झाड यांचं पटलं नाही तर झाडाचं ऐका.

आमच्याजवळ झाडच नाही. मग?

भिंतीच्या भेगेतलं रोप चालेल. पदपथाच्या कडेचं गवत, गच्चीच्या पन्हाळीत उगवलेला पिंपळ, खिडकीतली एक कुंडी, यातलं काहीही चालेल. भेगेतलं रोप तर उत्तमच. ते मुलाच्या उंचीवर असतं आणि कुणी त्याला पाणीही घालत नाही, त्यामुळे “मग हे जगतं कसं?” हा प्रश्न आपोआप निघतो.

बी पेरायचं तर कोणतं?

लवकर उगवणारं. चार वर्षांच्या मुलाचा धीर फार तर चार दिवस टिकतो. भिजवलेल्या मुगाला एक-दोन दिवसांत मोड दिसतो, ओल्या कापसावरच्या मेथी-मोहरीला साधारण दोन-तीन दिवसांत. झेंडू आठवडाभर घेतो, सूर्यफूल सात ते दहा दिवस. म्हणून मूग आणि झेंडू एकाच दिवशी पेरा. मूग धीर देतो, तोवर झेंडू येतो.

बघण्यासाठी मात्र राजम्याला तोड नाही. रात्रभर भिजवलेला राजमा काचेच्या पेल्याला आतून लावलेल्या ओल्या टिश्यूच्या आणि काचेच्या मध्ये अडकवा. टिश्यू ओला राहील एवढंच पाणी तळाशी ठेवा. दाणा बुडाला की कुजतो. तीन ते पाच दिवसांत साल फाटते आणि आधी मूळ बाहेर येतं, कोंब नंतर. मूळ बोटभर झालं की पेला आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक पुन्हा खाली वळतं. मुलं पेला पुन्हा फिरवतात, मूळ पुन्हा वळतं. एका पाच वर्षांच्या मुलाने माझ्यासमोर त्या मुळाला चार वेळा चकवायचा प्रयत्न केला आणि मूळ नागमोडी करून ठेवलं. गुरुत्वाकर्षण हा शब्द मी उच्चारलाच नाही.

कच्चा राजमा खाल्ला तर विषारी ठरतो, थोडे दाणेही उलट्या-जुलाब करवतात. पेला हाताशी ठेवा, पण सुटे दाणे उचलून ठेवा.

मातीत पेराल तेव्हा एक कुंडी उकरण्यासाठी वेगळी ठेवा. मुलं बी पेरतात आणि तासाभराने “आलं का?” म्हणून उकरतात. रागवून उपयोग नाही. त्यांची कुंडी वेगळी, तुमची वेगळी.

रोप मेलं तर मुलाला काय सांगावं?

मेलं असंच सांगा. रात्री गुपचूप नवं रोप लावू नका; मुलांना कळतं, आणि कळलं नाही तर जास्त वाईट. बहुतेक वेळा कारण जास्त पाणी हेच असतं, कारण पाणी घालणं हा मुलांच्या दृष्टीने बागकामाचा सगळ्यात मजेचा भाग. बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून दिली की घाई आपोआप कमी होते. मेलेलं रोप दुसऱ्या कुंडीच्या मातीत पुरा आणि महिन्याने उकरून बघा काय उरलंय.

बाळ अजून वर्षाचंही नाही. त्याला बाहेर नेऊन काय उपयोग?

खूप. झाडाखाली चादर पसरा आणि बाळाला उताणं ठेवा. हलणारी पानं आणि त्यांच्यातून सांडणारा उजेड याहून चांगलं खेळणं पाळण्यावर टांगायला मिळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात ठेवू नका, सावली आणि सैल सुती कपडे पुरतात. रांगणाऱ्या बाळाला अनवाणी गवतावर सोडा. पहिल्यांदा ते पाय आखडून घेईल. ठीक आहे, उद्या परत.

आमचं मूल सगळं तोंडात घालतं. भीती वाटते.

तीन वर्षांखालच्या मुलाजवळ बिया, खडे, छोटी फळं सुटी ठेवूच नका. घशात अडकण्याचा धोका खरा आहे. नाकात दाणा घालणं हा दुसरा प्रकार. ओळखीतल्या एका मुलाने हरभरा नाकात घातला, आणि घरच्यांनी तो बाहेर यावा म्हणून नाकात पाणी सोडलं. दाणा फुगला आणि आणखी घट्ट बसला. पाणी सोडू नका, चिमटा घालू नका, डॉक्टरांकडे जा.

कण्हेर आणि धोतरा यांचे सगळे भाग विषारी आहेत. गुंजेच्या लाल-काळ्या आणि एरंडाच्या नक्षीदार बिया मुलांना फार आवडतात, आणि नेमक्या त्याच घातक. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. थंड प्रदेशात डॅफोडिलच्या कांद्यांपासून जपा. पण मुलाला विषारी झाडांची यादी पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. एकच नियम ठेवा: बाहेरचं काहीही मोठ्यांना दाखवल्याशिवाय तोंडात नाही. तो रोज, एकाच शब्दांत, न चिडता सांगा.

चिखलात खेळू द्यावं का?

हो. धनुर्वाताची लस वेळापत्रकाप्रमाणे झालेली असावी, कुत्र्या-मांजरांनी घाण केलेली जागा टाळावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. एवढं सांभाळलं की मोकळं सोडा. वाटी, जुना चमचा, करवंटी आणि अर्धी बादली पाणी द्या. बादलीजवळून मात्र हलू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाजही होत नाही.

फुलं तोडू द्यावीत?

पडलेली वेचावीत, हा आमचा नियम. पण गवतातली, भरपूर असलेली दोन-चार फुलं मुलाने तोडली तर गुन्हेगारासारखं बघू नका. जे कधी हातातच घेतलं नाही त्याच्यावर माया कशी जडणार? एक पांढरं फूल रंगाच्या पाण्यात उभं करून ठेवा. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या शिरांमधून रंग चढलेला दिसतो.

मूल मुंग्या चिरडतं. किंवा उलट, किडा दिसला की किंचाळतं.

दोन्हींवर उपाय तोच: भिंग आणि वेळ. मुंगी चिरडणारं मूल क्रूर नसतं. दाबलं की काय होतं ते त्याला बघायचं असतं. साखरेचे चार दाणे वाटेत ठेवा आणि शेजारी बसा. पहिली मुंगी येते, घुटमळते, परत जाते. थोड्या वेळाने रांग लागते, कारण जाताना ती गंधाचा माग सोडून गेलेली असते. त्या वाटेवर बोट फिरवलं तर रांग क्षणभर गोंधळते. हे एकदा पाहिलेलं मूल पाय जपून टाकायला लागतं. अगदी लगेच नाही, पण लागतं.

घाबरणाऱ्या मुलाला हातावर किडा ठेवायची सक्ती करू नका. तुम्ही स्वतः दचकत असाल तर आधी तुमचं बघा. गांडूळ हातात घ्यायचं तर हात ओला हवा, कारण ते त्वचेवाटे श्वास घेतं आणि सुकलं की मरतं. नंतर जिथून घेतलं तिथेच सोडा. केसाळ सुरवंटाला हात नाही, हा नियम सगळ्यांना. मधमाशी चावली तर काटा चटकन खरवडून काढा आणि थंड पाणी लावा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर तडक दवाखाना गाठा.

फुलपाखराची अळी बरणीत ठेवून पाळावी का?

मी नको म्हणते. अळी ज्या झाडावर आहे तिथेच रोज जाऊन बघा. घरी लिंबाचं किंवा कढीपत्त्याचं रोप असेल तर पानावर खसखशीच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं शोधा. त्यातून निघणारी लिंबाच्या फुलपाखराची अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलं हे पाहून जी ओरडतात! (एकदाच डिवचा. तिलाही काम आहे.)

बऱ्याच अळ्या मध्येच नाहीशा होतात, पक्षी किंवा गांधीलमाश्या त्यांना नेतात. बरणीत त्या वाचतील कदाचित, पण गांधीलमाशीलाही पोट आहे हे मुलाला कळणार नाही. रोपाची पानं गेली म्हणून हळहळू नका, ती परत येतात.

घरटं दिसलं किंवा पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर?

घरटं लांबून बघा, थोडा वेळच. सारखी वर्दळ झाली तर पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर बहुधा ते उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत. त्याला राहू द्या, फक्त मांजराला हाकला. पिसं नसलेलं पिल्लू मात्र पडलेलंच असतं. घरटं हाताला येत असेल तर उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही नुसती समजूत आहे.

पाण्याचं उथळ भांडं ठेवायचं तर रोज पाणी बदला, नाहीतर आठ-दहा दिवसांत पक्ष्यांऐवजी डास तयार होतील.

वसंतातले खेळ सुचवा.

कान-खेळ: डोळे मिटायचे, नवा आवाज आला की एक बोट उघडायचं. सूर्य उगवायच्या आधी खेळलात तर दोन्ही हातांची बोटं अपुरी पडतील, कारण पक्षी तेव्हाच सर्वात जोरात गातात. कोकिळेचा तो चढत जाणारा आवाज नराचा असतो, हे सांगितलं की मोठेच जास्त चकित होतात.

रंगांची शिकार: कागदावर पाच प्रकारचे हिरवे ठिपके काढा आणि तसेच हिरवे पडलेल्या पानांत शोधा. एकही पूर्ण जुळत नाही, भांडणं होतात, खेळ रंगतो.

बी होऊया: मुलाने जमिनीवर गोळा होऊन बसायचं, अंगावर ओढणी. तुम्ही पाऊस, मग ऊन. एक पाय म्हणजे मूळ, मग हात म्हणजे कोंब. दोन वर्षांची मुलं हा खेळ दिवसातून वीस वेळा मागतात. आधीच सांगून ठेवते.

शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू होते. बाहेर न्यायचं बंद करावं का?

बंद नको. त्रास बहुधा वाऱ्यावर उडणाऱ्या, गवतांच्या आणि साध्या दिसणाऱ्या झाडांच्या परागाचा असतो. भडक फुलांचा पराग जड, चिकट असतो आणि किड्यांच्या पायाला लागून जातो. जोराचा वारा असलेल्या दिवशी टाळा, घरी आल्यावर तोंड-हात धुवा, कपडे बदला. धाप किंवा छातीत घरघर असेल तर डॉक्टरांना दाखवा.

रोज किती वेळ बाहेर?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी. हे सगळं बाहेरच व्हायला हवं असं नाही, पण बाहेर ते न मोजता होतं. बाहेर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. ऊन तापत असेल तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी.

बाहेर नेलं तरी पाच मिनिटांत “कंटाळा आला” म्हणतो.

येऊ द्या. त्या कंटाळ्यात उडी मारून खेळ सुचवणं हीच चूक आपण करतो. बसून राहा, मोबाईल पिशवीत. दहाव्या-बाराव्या मिनिटाला हातात एखादी काडी येते, आणि काडी आली की काम झालं.

झाडा-पक्ष्यांची नावं आम्हालाच माहीत नाहीत.

मग मुलालाच नाव ठेवू द्या. आमच्याकडे एका झाडाचं नाव ‘खाजझाड’ होतं आणि एका पक्ष्याचं ‘शेपूटहलव्या’. खरं नाव नंतर मिळतं. आधीच मिळालं तर बघणं तिथेच थांबतं.

बालवाडीत वीस मुलं आणि एकच ताई. कसं जमवायचं?

पाच-पाचचे गट करा, दर गटाला एक झाड. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1837 मध्ये सुरू केलेल्या बालशाळेला पुढे ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं आणि प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा असावा असं मांडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर शाळाच गुरं राखणाऱ्या मुलांच्या कुरणात नेली. वाफा नसेल तर नावाची पट्टी लावलेला डबा द्या, पण ज्याचा त्याचा. सामाईक कुंडीला वीस जण पाणी घालतात आणि ती बुडते.

आठवण म्हणून काय ठेवावं?

फोटो कमी, पानं जास्त. दर आठवड्याला तुमच्या झाडाखालचं एक पान उचला, कागदावर चिकटवा, तारीख घाला आणि मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत खाली लिहा. कोवळी पानं आधी जाड पुस्तकात आठवडाभर दाबून वाळवा. ओलीच चिकटवली तर बुरशी धरते आणि शेजारचं पानही खराब होतं.